एकतिसावा धागा

एकूण एकतीस धागे होते. एकोणीस मनगटांवर, आठ कोटांच्या छातीवर टाचणीने लावलेले, तीन झाडांच्या फांद्यांवर (गेल्या वर्षीचे असावेत, लाल रंग विटून गुलाबी झालेला) आणि एक ग्रँट मॅडॉकच्या उजव्या हातावर. मी तीनदा मोजले. पहिल्यांदा एकोणतीस आले, दुसऱ्यांदा एकतीस, तिसऱ्यांदाही एकतीस. पहिल्या वेळी सुटलेले दोन कुठले तेही शोधलं. एक पोलिसाच्या बाहीखाली अर्धा झाकलेला होता. दुसरा मॅडॉकचा. तो माझ्या नजरेतून का सुटला याचं कारण मला देता येईल, पण त्या कारणावर माझा फारसा विश्वास नाही.

मोजायचं काम यावोरने दिलेलं. यावोर चित्रपटांवर लिहितो आणि आमच्या लॅबच्या कॉफीवर जगतो. लॅब म्हणजे सोफियातल्या एका जुन्या स्टुडिओच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. जुन्या फिल्मा येतात, मी त्या साफ करते, एकेक फ्रेम स्कॅन करते, आणि संध्याकाळी माझ्या केसांना व्हिनेगरचा वास येतो. ही फिल्म आली ती सात डब्यांत. नाव ‘परतीची पावती’. वीस वर्षांपूर्वी आमच्याच शहरात शूट झालेली, अमेरिकेतलं एक बिननावाचं शहर म्हणून. तेव्हा असे चित्रपट पुष्कळ व्हायचे. आमचे रस्ते स्वस्त होते. पाट्या बदलायच्या, चार पिवळ्या टॅक्स्या उभ्या करायच्या, झाली अमेरिका. मॅडॉक हा माणसांना खिडकीबाहेर फेकणारा नट. इथे मात्र तो टपाल खात्याचा तपासनीस आहे. त्याची बायको नाहीशी झालेली आहे. तिला पाठवलेल्या पत्राची पोच परत येते, खाली सही असते, आणि सही त्याच्याच अक्षरात असते. मग एकशे चार मिनिटं तो संशय घेत हिंडतो. कुणालाही मारत नाही. एकदाच, चौथ्या मजल्याच्या बाहेर, भिंतीच्या वीतभर कठड्यावरून चालत पळ काढतो. हाणामारीसाठी आलेल्या लोकांना एवढंच मिळालं, आणि चित्रपट कॅसेटच्या दुकानातल्या तळाच्या टोपलीत गेला.

तिथून तो वर काढला फ्रान्समधल्या एका समीक्षकाने. त्याने चौदा पानं लिहिली. त्याचं म्हणणं असं की कटात सामील असलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर लाल-पांढरा धागा आहे: शेजारीण, पोलीस, दोन नर्सा, दुधाच्या गाडीवरचा माणूस. चित्रपटात कुणी त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. आणि शेवटी, कठड्यावर, थरथरणाऱ्या हाताने वीट चाचपताना खुद्द नायकाच्या मनगटावरही तोच धागा दिसतो. म्हणजे नायकही कटात आहे आणि त्यालाच ते ठाऊक नाही. संशयावरचा इतका निर्दय चित्रपट दुसरा झाला नाही, असं त्या चौदा पानांच्या शेवटी आहे. यावोरने हे मला वाचून दाखवलं तेव्हा तो हसता हसता खोकायला लागला. अगं, मार्च महिना होता, तो म्हणाला. एवढंच. एक मार्चला आम्ही सगळेच एकमेकांना मार्तेनित्सा बांधतो, लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचा पीळ, आणि झाडाला फूल दिसलं किंवा करकोचा दिसला की सोडून फांदीला अडकवतो. एक्स्ट्रांनी बांधली होती, कपडेवालीने बांधली होती, कंटिन्युइटी बघणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांवर असणार. शंभर माणसांतल्या एकालाही ती खटकली नाही, कारण मार्चमध्ये आमच्या डोळ्यांना ती दिसतच नाही. अमेरिकनांना वाटलं असेल, हे लोक असेच असतात.

“पण गंमत बघ,” यावोर म्हणाला, “चुकीने का होईना, सिनेमा चांगला झाला. आता मी काय लिहू? हा महान चित्रपट आहे, कारण कुणी हातातला धागा सोडला नाही?” नव्या डिस्कसोबतच्या पुस्तिकेत त्याचा लेख जायचा होता. त्याला आकडा हवा होता. आणि मॅडॉकच्या हाताची फ्रेम मोठी करून हवी होती, कारण त्याच्या मते त्या हाताची थरथर हा मॅडॉकच्या तीस वर्षांतला एकमेव खरा अभिनय होता.

मी फ्रेम मोठी केली. धाग्यात एक धातूचा तुकडा ओवलेला होता. सहा कोनांचा. मार्तेनित्सात मणी ओवतात, निळा मणी, कधी नाणं. बोल्टवर फिरवायचा नट कुणी ओवत नाही. मी खुर्ची मागे सरकवली आणि खिडकी उघडली, आणि ती का उघडली ते विसरले. मला सात वर्षं पूर्ण झाली होती, शाळेत मणी आणायला सांगितले होते, घरात मणी नव्हते. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत स्क्रू होते, वायसर होते, नट होते. मी सर्वांत लहान नट घेतला. तो दोऱ्यात घालताना ओठांनी दोरा ओला केल्यावर जिभेला लागलेली लोखंडाची चव अजून आहे. ही चव खरी असल्याची खात्री देता येते, कारण चव मला कुणी सांगितलेली नाही. बाकीच्या आठवणी सांगितलेल्या असू शकतात.

सांगितलेली गोष्ट अशी. माझे वडील ल्युबेन स्टंटमन होते. मॅडॉक आमच्या शहरात आला की त्याचे डुप्लिकेट. सत्तावीस फेब्रुवारीला, शुक्रवारी पहाटे, ते कंपनीसोबत अमेरिकेला गेले. मी झोपले होते. आईने उठवलं नाही. ते लीप वर्ष होतं, तीन दिवसांनी मार्चची पहिली तारीख आली आणि माझ्या हातात बांधायला धागा होता पण मनगट नव्हतं. आई म्हणाली, दे, पोस्टाने पाठवते. ते परत आले नाहीत. अमेरिकेतून स्पेनला गेले, तिथे कुणी बाई होती, मी चौदा वर्षांची असताना तिथेच हृदय बंद पडून वारले. आमच्या इमारतीच्या दारावर आई दर वर्षी पुण्यतिथीला त्यांच्या फोटोचा कागद डकवते, काळ्या चौकटीचा, जसा इथे सगळे डकवतात. मला त्यांच्याबद्दल राग नव्हता. माझा एक हिशेब होता: त्यांनी माझ्या धाग्यासाठी तीन दिवस थांबायला हवं होतं, आणि ते थांबले नाहीत. हा हिशेब वीस वर्षं जमलेला होता. अमेरिकेत पोचलेला धागा सोफियाच्या पोदुयाने भागातल्या विटांच्या भिंतीवर काय करतो आहे?

मी स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. भिंत विटांची होती, हात भिंतीला चिकटलेला होता, म्हणजे मोजपट्टी फ्रेममध्येच होती. आमची वीट पासष्ट मिलिमीटर उंच असते. ती पडद्यावर दोनशे आठ बिंदू भरली. तुकडा साडेबावीस बिंदू. म्हणजे सात मिलिमीटर, म्हणजे चार नंबरचा नट. धागा त्रेसष्ट फ्रेम दिसतो, अडीच सेकंदांहून थोडा जास्त. त्रेसष्टही फ्रेममध्ये हाताचा मालक दिसत नाही. मग शक्यता लिहिल्या. एक: आणखी कुणीतरी नट ओवला. दोन: हा शॉट सत्तावीस फेब्रुवारीच्या आधीचा आहे आणि मी धागा आधीच दिला होता आणि विसरले. तीन: आईने सांगितलं ते खरं नाही. पहिली फेटाळायला माझ्याकडे काही नव्हतं, फक्त जीभ होती. दुसरीसाठी सूर्य होता.

त्या शॉटच्या सुरुवातीला कॅमेरा वरून खाली बघतो आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची सावली फरसबंदीवर पडलेली दिसते. सावलीची दिशा वेळ सांगते, लांबी तारीख. सावली थेट उत्तरेला होती, म्हणजे ऐन दुपार, आणि जवळजवळ खांबाएवढीच होती. आमच्या अक्षांशावर ऐन दुपारी सावली वस्तूएवढी होते ती वर्षातून दोनदा: मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या शेवटाला. झाडं उघडी होती. आकडा आला पंधरा मार्च, दोन दिवस इकडे किंवा तिकडे. मी तो तीन वेळा काढला. मग संपूर्ण फिल्म पुन्हा पाहिली, आवाज बंद करून, आणि मला त्या फ्रेंच माणसाचं कौतुक वाटायला लागलं. आवाज नसला की प्रत्येकजण काहीतरी लपवतो आहे असंच दिसतं. शेजारीण दार अर्धंच उघडते. दूधवाला मागे वळून बघतो. सगळ्यांच्या हातावर धागा, आणि मधोमध एक माणूस, ज्याला काय चाललंय ते कुणी सांगत नाही. मला वाटलं, पुढच्या शॉटमध्ये आई दिसेल.

आई ट्राम चालवते. अठ्ठावीस वर्षं. घरातही ती तशीच बसते, पाठ ताठ, नजर समोर, बोलणाऱ्याकडे न बघता. मी गेले तेव्हा ती बाल्कनीत मिरच्या भाजत होती. सप्टेंबरात आमची सगळी इमारत भाजलेल्या मिरच्यांचा वास सोडते. ती एकेक लाल मिरची भट्टीच्या नळकांड्यात घालून झाकण लावायची आणि मनात मोजायची. मी तिला सावलीबद्दल काही सांगितलं नाही. मला बघायचं होतं, ती कुठली तारीख सांगते.

“फिल्ममध्ये बाबांचा हात आहे,” मी म्हणाले.

“असेल. हातच भाड्याने द्यायचा तो. तोंड कुणी मागितलं नाही.”

“त्यावर माझा धागा आहे. नटवाला.”

तिने झाकण उघडलं, मिरची काढली, पातेल्यात टाकली, पातेलं झाकलं. वाफ कोंडली की साल सुटतं.

“पोस्टाने पाठवला म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते.”

मग तिने सांगितलं, समोरच्या इमारतीकडे बघत. दोन मार्च, मंगळवार. तिची सकाळची पाळी होती. पोदुयानेच्या थांब्यावर तो उभा होता, तिनेच निरोप धाडला होता. ट्राम थांबवली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून धागा दिला. केबिनचं दार उघडलं नाही. मागून लोक ओरडत होते. त्या म्हाताऱ्या हिरोचा गुडघा गेला होता, शूटिंग तीन आठवडे लांबलं होतं, विमान विसाव्या तारखेवर गेलं होतं. तो त्याची दोरी धरणाऱ्या स्पासकडे झोपत होता.

“घरी का नाही आला?”

“मी नको म्हटलं.” तिने दुसरी मिरची आत घातली. “निरोप घेऊन झाला होता. मूल म्हणजे काय स्टेशन आहे, दोन-दोनदा निरोप घ्यायला?”

“माझा घेतला नव्हता. मी झोपले होते.”

“तुला झोपलेली बघून घेतला. त्याच्या बाजूने झाला होता. सांगितलं त्याला, घराकडे पाऊल टाकायचं नाही, आता जायचंय तर गेलास असं समज.”

“तो काय म्हणाला?”

“बरं म्हणाला. तो नेहमी ‘बरं’च म्हणायचा. चौथ्या मजल्यावरून उडी मार म्हटलं तरी बरं.”

मी घरी येताना तो शब्द घेऊन आले. त्याला मापच नव्हतं. ज्याला यायचं आहे आणि येऊ देत नाहीत तो बरं म्हणतो, आणि ज्याला यायचंच नव्हतं आणि कुणीतरी परस्पर सोडवलं तोही बरं म्हणतो. वीस वर्षं मी ज्या तीन दिवसांचा राग धरला होता त्यांच्या जागी आता तीन आठवडे होते, आणि ते अमेरिकेत नव्हते, आमच्याच हवेत होते. मी आमच्या हाजी दिमिटर वस्तीत दूध पीत होते, तो पोदुयानेत कठड्यावर चालत होता, मधे रेल्वेचे रूळ. आई खोटं बोलली होती हे सिद्ध झालं होतं. आता ती खरं बोलते आहे कशावरून? तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला, आणि आई कधीच कुणाचा दोष स्वतःकडे घेत नाही. तिच्या ट्रामसमोर कुत्रं आलं तरी चूक कुत्र्याची. मला वाटायला लागलं की ती त्याला झाकते आहे. मग वाटलं की मला असं वाटावं म्हणूनच तिने तसं सांगितलं. फिल्ममधला टपालवाला संशयाच्या याच टप्प्यावर कठड्यावर चढतो.

स्पासकाका त्या वेळी स्टंटच्या वेळची बाबांची दोरी धरायचे. आता पेर्निकला असतात, मधमाश्या पाळतात. फोनवर आधी मधमाश्यांचं झालं, मग माझ्या लग्नाचं झालं, अजून नाही का, शास्त्र शिकलेल्या पोरींना माणसं सूक्ष्मदर्शकातून बघायची सवय लागते, वगैरे. बाबा तुमच्याकडे राहिले होते का, मी विचारलं. हो, ते म्हणाले, सोफ्यावर, पाय बाहेर यायचे. घराचं काही बोलायचे का? नाही. माझं?

“पोरी, तो बोलायचाच कुठे. एक गोष्ट सांगतो. जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, एक ते पावणेदोन. तुझा बाप जेवायचा नाही. निघून जायचा. रोज. आम्ही चिडवायचो, कुठे ठेवलीयस रे तिला. हसायचा नाही. पण पावणेदोनला दोरीपाशी हजर, घामाने भिजलेला, खिशातला पाव तसाच खिशात.”

“कुठे जायचे?”

“विचारलं नाही. दोरी धरणाऱ्याने फार विचारू नये. वरच्याचा हात हलतो.”

रोज पाऊण तास. पहिला विचार मला त्या बाईचाच आला, स्पेनमधल्या. ती सोफियातच भेटली असली पाहिजे. मी नकाशा काढला, त्यावर शूटिंगच्या भिंतीच्या जागी सुई टोचली आणि पंचेचाळीस मिनिटांत जाऊन परत येता येईल एवढं वर्तुळ काढलं. त्यात काय काय येतं ते लिहिलं. बाजार. मालधक्का. तीन खानावळी. परदेशी लोकांचं हॉटेल वर्तुळाबाहेर होतं. आमचं घरही बाहेर होतं, थोडक्यासाठी. आईने घातलेली बंदी नकाशानेही घातली होती. आमची शाळा वर्तुळाच्या रेषेवर होती. तिथे पेन्सिलीची जाडी किती, एवढाच प्रश्न होता.

पहिलीत आम्ही जेवून एक ते दोन अंगणात असायचो. लोखंडी कुंपण, कोपऱ्यात आलुबुखाराचं झाड. मार्चच्या मध्यात त्याला पांढरी फुलं यायची आणि पोरं धागे सोडून त्याच्या फांद्यांना बांधायची. मी त्या कुंपणापलीकडे कुणी उभं असल्याची आठवण शोधली. दोन रात्री शोधली. नाही. एकदा एक कोट दिसला, राखाडी, आणि मी लगेच उठून दिवा लावला, कारण तो कोट मी फिल्ममधून आणला होता. असल्या आठवणी करायला मला वेळ लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ती मी नोंदवलेली नाही.

यावोरला आकडा दिला. एकतीस, पण एकतिसावा मॅडॉकचा नाही, डुप्लिकेटचा. त्याने कॉफी खाली ठेवली. “म्हणजे तो थरथरणारा हात?” तोही त्याचाच, मी म्हणाले, मॅडॉकचा गुडघा गेला होता. यावोरच्या लेखाचा पाया त्या हातावर होता. मग तो म्हणाला, डुप्लिकेट थरथरत नाहीत, नेवी, त्यांचा तो रोजचा धंदा असतो, मग हा का थरथरतोय? मी म्हणाले, पंधरा मार्चला भिंत गार असेल. तो म्हणाला, हे तू मोजलंयस का? नव्हतं मोजलं. डिस्कवाल्यांना तो धागा जरा उजळ करून हवा होता. मी तो होता तसा ठेवला.

अठ्ठावीस सप्टेंबरला शनिवार होता. त्या दिवशी सूर्य पंधरा मार्चएवढाच वर येतो. मी रस्तेवाल्यांकडून मोजायचं चाक उसनं आणलं, ज्याच्या मुठीला आकडे फिरतात, आणि पोदुयानेला गेले. भिंत आहे. कठडा आहे, चौथ्या मजल्यावर आता कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी. खांबही तोच, सहा मीटर वीस. आमची घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे केलेली असतात, म्हणून ऐन दुपार एक वाजून अठरा मिनिटांनी झाली. सावली सहा मीटर सोळा. तिचं टोक फरसबंदीच्या त्याच फटीवर पडलं ज्या फटीवर फिल्ममध्ये पडलं होतं. एका बाईने चादरींमागून विचारलं, रस्ता खणताय का परत? नाही, मी म्हणाले. मग तुम्ही कोण? मी म्हणाले, मोजते आहे. तिने खिडकी लावून घेतली आणि पडद्याआड उभी राहून बघत राहिली.

चाकाचा आकडा शून्यावर आणला आणि घड्याळ लावलं. रुळांवरचा पूल, बाजाराची मागची बाजू, सुरकुतलेल्या टोमॅटोंचे ढीग, एक उतार, दोन सिग्नल. धावायचं नाही असं ठरवलं होतं. धावले नाही, पण घाम आला. शाळा बंद होती. कुंपणाला नवा हिरवा रंग आहे, झाड नाही, त्याच्या जागी बाक आहे. कुंपणापाशी उभी राहिले आणि मग त्याच रस्त्याने परत फिरले.

भिंतीपासून कुंपणापर्यंत एक हजार सातशे साठ मीटर. जाताना बावीस मिनिटं. कुंपणापाशी एक मिनिट. येताना बावीस मिनिटं.